दुपारच्या चहाबद्दल, एका वाचकांना

भाऊ, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. मान टाकलेलं हायड्रेंजिया (मोठ्या झुबक्यांनी फुलणारं झुडूप) परत कसं उभं करायचं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय, "भर दुपारी झाड सुकत असताना चहा पीत बसणाऱ्या 'ताईं'नी बागकाम शिकवू नये." शिवाय पाकळ्यांना पाकळ्या म्हणणं चूक, दांडा उकळत्या पाण्यात धरणं अघोरी, आणि जळगावच्या उन्हात, चुनखडीच्या काळ्या मातीत हे झाड लावायला सांगणंच बेजबाबदार.

पाकळ्यांचं मान्य. दिसतात त्या पाकळ्या नसून निदलं असतात, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी पानं. लेखात दुरुस्ती केलीय, जाऊन बघा.

आता चहा. मी लिहिलं होतं, दुपारी दोनला पानं लोंबली तर लगेच बादली उचलू नका, आधी मातीत बोट खुपसा. ओल लागली तर चहा घ्या आणि ऊन उतरू द्या. त्यातला चहा तेवढा तुम्ही उचललात! एवढाली पानं, मुळं वरवर पसरलेली; उन्हात पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळांना ओढता येत नाही, म्हणून झाड मान टाकतं. संध्याकाळी आपोआप उठतं. सकाळीही उठलं नाही आणि माती कोरडी लागली तर तहान आहे, मग घाला की भरपूर. नको कोण म्हणालं?

रावेरकडच्या केळीच्या मळ्यात वाढलेय मी. मे महिन्यात दुपारी केळीचं पान मधल्या शिरेवर दुमडून दोन्ही बाजूंनी खाली पडतं. ते बघून वडील कधी मोटर चालू करायला धावले नाहीत. (धावले असते तरी वीज कुठे असायची म्हणा.) हे बघूनही पहिलं हायड्रेंजिया मी दया येऊन मारलंच. रोज दुपारी तांब्याभर पाणी, कुंडीत निव्वळ काळी माती, पाणी धरून बसणारी. मुळं कुजली. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून झाड आणखी लोंबलं, म्हणून मी आणखी पाणी घातलं. उपटलं तेव्हा वास आला. मलाही तेव्हा तुमच्यासारखंच वाटत होतं की आपण झाड वाचवतोय.

उकळतं पाणी फुलदाणीतल्या, तोडलेल्या दांड्यासाठी आहे, बागेतल्या झाडासाठी नाही. नीट वाचलं असतंत तर कळलं असतं. दांडा कापला की चिकट रस येऊन पाण्याची वाट बुजते. तिरपं कापलेलं टोक इंचभर, अर्धा मिनिट, मग साध्या पाण्यात. नाहीतर टोकाला तुरटीची पूड. तरीही फूल लोंबलं तर अख्खा झुबका अर्धा तास पाण्यात बुडवा. हेही अघोरीच म्हणाल.

ऊन आणि माती? माझं झाड पूर्वेच्या ओट्यावर चौथा उन्हाळा काढतंय, दुपारी तिथे सावली असते. फुलं गुलाबी येतात, निळी नाहीत, ती चुनखडीमुळेच. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

आणि 'ताई'ला अवतरणात घालायचं कारण कळलं नाही. आमच्याकडे भाजीवालाही ताईच म्हणतो, पण सरळ.