पंचायतीत ऑनलाइन उतारा काढायला चाललाय? मग एवढं ऐकून जावा

परवा पाचव्यांदा पंचायतीतनं हात हलवत आलो, म्हटलं एवढा अनुभव गाठीला आहे तर कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्यातल्या चार लोकांच्या उपयोगी तरी पडू दे. घराचा ई-स्वत्तु उतारा पाहिजे असला, म्हणजे पंचायतीतल्या घर-जागेच्या ऑनलाइन नोंदीचे ते फॉर्म 9 आणि 11, तर असं करा.

डबा घेऊन जावा.

अर्ज ऑनलाइन असतोय, म्हणून झेरॉक्सचे तीनच सेट न्या.

'सर्वर इल्ल री', म्हणजे सर्वर नाही, म्हटलं की वाद घालायचा नाही, गप बाकावर बसायचं. सर्वर आला की करंट जातोय, करंट आला की ऑपरेटर जेवायला जातोय.

जांबोटी-कणकुंबीकडच्यांनी फोन देऊन एक पोरगं माळावर उभं करावं. ओटीपी आला की तिथनं ओरडून सांगायला घसा दणकट पाहिजे.

आणि नाव. आमचं आडनाव घाडी, कन्नडमध्ये टाइप करताना घ चा ग झाला, आता उताऱ्यावर आमचे वडील 'गाडी' आहेत, चाकं तेवढी लावायची राहिलीत. आधारवर घाडी, घरपट्टीच्या जुन्या पावतीवर घाडी, बँकवाला म्हणतोय हा माणूस वेगळा, लोन होत नाही. मग दुरुस्तीला अर्ज द्या, बाँडवर अफिडेव्हिट करा, वकिलाला पैसे द्या, आणि एवढं सगळं करून गेलं की कळतंय पंचायतीच्या साहेबांचं डोंगल, म्हणजे ऑनलाइन सही करायचं यंत्र, पाहिजे, डोंगल साहेबांच्या खिशात, साहेबांकडं दोन पंचायतींचा चार्ज, आणि आपण ज्या पंचायतीत जाईल तिथं ते नसतात. बिल कलेक्टर सांगतोय, 'नाळे बर्री'. उद्या म्हणजे कुठला उद्या, हे विचारायचं नसतंय.

अहो, ह्याच राज्यानं 2000 सालच्या सुमारास जमिनीच्या नोंदी कॉम्प्युटरवर घेणारी 'भूमी' योजना आणून हातानं लिहिलेली पहाणी, म्हणजे शेतीचा उतारा, बंद केली, बाहेरच्या राज्यातनं लोक बघायला यायचे. सरकारी साहेबांनो, तुम्हाला जमत नाही असं कोण म्हणतंय? कॉम्प्युटर दिला, पण माणूस एकच ठेवला आणि तोही अर्धा दिवस मिटिंगला. चूक तुमची, मग बाँडचे पैसे आम्ही का भरायचे? म्हातारी माणसं दिवसाची मजुरी सोडून येतात, त्यांना 'स्लो आहे' म्हणून हाकलताना लाज वाटत नाही? काही नाही जमलं तर टाइप करताना तो स्क्रीन तरी जरा आमच्याकडं फिरवा. कन्नड शाळेत गेलो नसलो तरी स्वतःचं आडनाव वाचता येतंय आम्हाला.