आमच्या सूनबाई त्यातल्याच

घरात डॉक्टर असला की लोक त्याला जीभ दाखवतात, वकील असला की सातबारा. मी जनुकांच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे मला सिनेमे दाखवतात. जगातल्या कुठल्याही पडद्यावर एखादा प्राणी प्रमाणाबाहेर वाढला, की मुलुंडला आमच्या घरी तिकिटं काढली जातात. मधली सीट माझी. मान मोठा म्हणून नव्हे, दोन्ही बाजूंनी शंका विचारता याव्यात म्हणून.

या खेपेला अकोल्याचे चुलत सासरेही आले होते. काकांचं कापसाचं वावर आहे आणि आयुष्यात त्यांना कशाचं नवल वाटल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

पहिला थरार दारातच झाला. सिक्युरिटीवाल्याने सासूबाईंची पर्स उघडून आधी एक पेन वर काढलं. 'ये क्या है?' 'इन्सुलिन,' आई म्हणाल्या. त्याने ते अदबीने परत ठेवलं. मग चकलीचा डबा काढला आणि त्याचा चेहराच बदलला. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, डबा इथेच राहणार. आई पाच मिनिटं भांडल्या. मी गप्प उभी राहून विचार करत होते की जनुकीय अभियांत्रिकीचा खराखुरा ऐवज त्याने हातात घेऊन, निरखून, आत सोडला आणि भाजणी पकडली.

सिनेमा अमेरिकन, हिंदीत डब केलेला. काचेची इमारत, चमकत्या निळ्या द्रवाची कुपी, पिंजऱ्यात पांढरा उंदीर. कुपी फुटणार हे आईंना नावं येत असतानाच कळलं. 'टेबलाच्या कडेला ठेवलीय बघ,' त्या म्हणाल्या. 'आपण दुधाचं पातेलंसुद्धा असं ठेवत नाही.'

कुपी फुटली. उजवीकडून बाबांनी विचारलं, 'तुमच्याकडे असतं का हे निळं?'

असतं ना. त्याला लोडिंग डाय म्हणतात. नमुना जेलच्या, म्हणजे जनुकांचे तुकडे वेगळे करायच्या लिबलिबीत वडीच्या, खड्ड्यात पडला की शेजारी सांडला, एवढं डोळ्यांना दिसावं म्हणून घालतात. बाकी दिवसभर मी रंग नसलेलं पाणी पिपेटने रंग नसलेल्या दुसऱ्या पाण्यात घालत असते. संध्याकाळी जेल दिव्याखाली धरायचा आणि जिथे बँड, म्हणजे जनुकाची पट्टी, दिसायला हवा तिथे काहीच नाही हे वहीत लिहायचं. सिनेमातला शास्त्रज्ञ किबोर्डवर पाच सेकंद बोटं नाचवतो की 'जनुक बदलले' अशी पाटी येते. माझं जनुक सध्या परचेसच्या टेबलावर आहे. तीन कोटेशनं हवीत, दोनच आली आहेत.

तेवढ्यात तो शास्त्रज्ञ गरजला, 'हमें कोई नहीं रोक सकता!' इथे मात्र मला राहवलं नाही. मी कुजबुजत सांगितलं की 1975 साली कॅलिफोर्नियात असिलोमारला शास्त्रज्ञ जमले होते ते आपल्याच प्रयोगांना लगाम कसा घालायचा हे ठरवायला. आपल्याकडे आधी संस्थेची जैवसुरक्षा समिती, तिच्यावर दिल्लीची समिती, आणि पीक शेतात न्यायचं तर पर्यावरण मंत्रालयाची आणखी एक. प्रयोगशाळेतला उंदीर जगतो दोन-तीन वर्षं. याला मोठं व्हायची परवानगी मागितली असती तर तो फायलीतच वारला असता.

बाबा महापालिकेतून निवृत्त झालेले. फाइल हा शब्द ऐकून ते सावरून बसले. 'आणि कोणी नियम मोडलाच तर?'

'मोडला ना. चीनमध्ये हे जियानक्वी नावाच्या शास्त्रज्ञाने गर्भातली जनुकं बदलली, जुळ्या मुली जन्मल्या. 2018 मध्ये ते जगाला कळलं आणि पुढच्या वर्षी त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.'

'पेन्शन?'

मागच्या रांगेतून कोणीतरी 'श्शू' केलं.

एव्हाना उंदीर ट्रकएवढा झाला होता. आता हा पाव किलोच्या आसपासचा उंदीर वीसपट लांब केला, तर त्याचं वजन आठ हजारपट होतं, म्हणजे दोन-अडीच टन. पायाच्या हाडाचा छेद मात्र चारशेपटच वाढतो. बिचारा पूल काय उडी मारून पार करतोय, तो उठून उभाच राहू शकणार नाही. त्यातून प्रौढ प्राण्याला एक इंजेक्शन देऊन दोन मिनिटांत हे सगळं होणं म्हणजे तर कळसच. हे सांगायला मी तोंड उघडलं, पण आमच्या रांगेत वेगळीच चर्चा पेटली होती. आई गिरगावच्या चाळीत वाढलेल्या. त्यांना घूस दाखवून घाबरवणं कठीण. 'पालिकेची ती रात्रपाळीची माणसं बोलवा म्हणावं, काठी आणि बॅटरीवाली,' त्या म्हणाल्या.

'त्यांना रात्रीला तीस उंदरांचा कोटा असतो,' बाबांनी खात्याची बाजू मांडली. 'हा केवढाही असला तरी हिशेबात एकच. उरलेले एकोणतीस कुठून आणणार? कोणी येणार नाही.'

मध्यंतरात समोसे आले, तसं आईंनी पेन काढलं आणि पदराआड इंजेक्शन घेतलं. घेता घेता म्हणाल्या, 'देवाने केलंय ते बदलू नये हेच खरं. माझा या प्रकाराला सक्त विरोध आहे.'

आता खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण दिवसभर बँड न दिसणाऱ्या माणसालाही थोडी शाबासकी हवी असते. मी सांगितलं, 'आई, हे पेनातलं त्यातलंच आहे. माणसाचं जनुक जंतूत नाहीतर यीस्टमध्ये घालतात, मग ते इन्सुलिन तयार करतात. असं इन्सुलिन 1982 पासून मिळतं.'

समोसा हातातच राहिला. 'आणि त्याआधी?'

'डुकराच्या नाहीतर गाईच्या स्वादुपिंडातून काढायचे.'

शांतता पसरली. पेनाकडे बघत त्यांनी मनातल्या मनात कसलातरी निवाडा केला. मग म्हणाल्या, 'जंतूंचंच बरं. जंतू तरी शाकाहारी असतात.' जंतूंच्या आहाराबद्दल मी काही बोलले नाही.

डावीकडे काका शांतपणे पॉपकॉर्न खात होते. 'सूनबाई, हे आमच्याकडं 2002 पासून चालू हाय,' ते म्हणाले. 'बीटी कापूस. जंतूचं जनुक कापसात. अळीनं बोंड खाल्लं की मेली. पयले काही वर्षं फवाराचं काम लय कमी झालं.'

'आणि मग?'

'मग सत्रा साली गुलाबी बोंडअळीनं सारं खाऊन टाकलं. बीटीले पचवाले शिकली ते.'

इथे माझ्या अंगावर काटा आला, अख्ख्या सिनेमात आला नव्हता तो. कारण अळी का शिकली याचं एक कारण मला माहीत होतं. बीटीच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाबरोबर एकशेवीस ग्रॅमचं साध्या कापसाचं पाकीट मिळायचं. ते वावराच्या कडेने पेरायचं. तिथे साध्या अळ्या पोसल्या जातात, त्यांच्या पतंगांचा चिवट अळ्यांच्या पतंगांशी संकर होतो आणि विष पचवणाऱ्यांची फौज उभी राहायला वेळ लागतो.

'काका, ते लहान पाकीट तुम्ही पेरायचात ना?'

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी त्यांना घरात अळ्या पाळायला सांगत्येय. 'अळीसाठी कोन जागा सोडते, बाप्पा? त्यातलं निम्मं उगवतही नोतं. बांधावर फेकून देल्लं.'

पडद्यावर हेलिकॉप्टरं, रणगाडे, एक सेनापती असा सगळा लवाजमा गुन्हेगार शोधत होता. इकडे चौथ्या रांगेत गुन्हेगारांपैकी एक जण मला पॉपकॉर्न देऊ करत होता.

शेवटी नायकाने दुसऱ्या एका कुपीने उंदीर मारला. ती लाल होती. सुटल्यावर काकांना एकच शंका उरली, हे लाल एकरी किती लागतं?

घरी परतलो तर लिफ्टपाशी सेक्रेटरी. त्यांनी विचारलं, कसा होता सिनेमा? 'छान होता,' आई म्हणाल्या. 'हिच्या ऑफिसातलाच विषय. उंदीर एवढे एवढे मोठे करतात.'

सेक्रेटरींनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मीटर रूममध्ये उंदरांनी वायरी कुरतडल्यापासून ते बरेच खचले आहेत. 'वहिनी, मोठे करता येतात म्हणजे लहानही करता येत असतील?'

मी जेल, बँड, तीन समित्या, कोटेशनं, सगळं सांगितलं. ते लिफ्ट धरून मन लावून ऐकत होते. रविवारी वार्षिक सभेची नोटीस लागली. विषय क्रमांक 7: मीटर रूममधील उंदीर. पुढे कंसात, 'बी-विंगच्या वहिनी पाहतील.'