जंतू रक्तात जगला म्हणून जनुक बिनकामाचं ठरत नाही

बीएस्सी करणाऱ्या माझ्या भाचीने एक फॉरवर्ड सेमिनारसाठी आधार म्हणून घेतलाय. त्यातले दावे असे: मलेरियाच्या जंतूची जनुकं 2002 मध्येच कळली, क्रिस्परने (जनुक नेमकं कापण्याच्या तंत्राने) हवं ते जनुक काढता येतं, काढूनही जंतू रक्तात वाढला तर ते निरुपयोगी, रक्तातला जंतू मेला की मलेरिया संपला.

पहिलं अर्धंच खरं. 2002 मध्ये फाल्सिपेरम या माणसातल्या मलेरियाच्या जंतूचा जीनोम (सगळी जनुकीय माहिती) वाचला गेला, सुमारे 5,300 जनुकं सापडली. त्यातल्या जवळपास 60 टक्के जनुकांचं काम तेव्हा ठाऊक नव्हतं.

क्रिस्पर या जंतूत 2014 पासून चालतं, हे मान्य. पण डीएनएची तुटलेली टोकं नुसती जोडणारी नेहमीची यंत्रणा त्याच्यात नाही, दुरुस्तीचा साचा सोबत द्यावाच लागतो. शिवाय रक्तात प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. अत्यावश्यक जनुक काढलं तर जंतू मरतो आणि म्युटंट (जनुक बदललेला जंतू) हाती लागतच नाही. तिथे डायक्रे हे दोन तुकड्यांतलं कापणारं एन्झाइम वापरतात: रॅपामायसिन हे औषध दिल्यावरच जनुक कापलं जातं.

तिसरा दावा मात्र धडधडीत चूक आहे. मेदाम्ल बनवणारं एन्झाइम फॅब-आय घ्या. ट्रायक्लोसान हे जंतुनाशक या एन्झाइमला रोखून रक्तातला जंतू मारतं, असं 2001 मध्ये बंगळुरूच्या नमिता व अवधेश सुरोलिया यांनी मांडलं. 2008 मध्ये त्याचं जनुकच काढून पाहिलं, तर जंतू रक्तात मजेत वाढला आणि ट्रायक्लोसानने तितकाच मेला. म्हणजे औषधाचा नेम दुसरीकडेच होता. मग फॅब-आय निरुपयोगी? उंदरांच्या बर्घेई जंतूत तेच काढल्यावर रक्तात येण्याआधीची यकृतातली वाढ पूर्ण होईना. फाल्सिपेरममध्ये तर, 2014 च्या कामानुसार, डासात स्पोरोझॉइटच (डास चावल्यावर यकृतात जाणारं जंतूचं रूप) तयार झाले नाहीत. रक्तावर थांबणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं.

म्हणून म्युटंट पूर्ण चक्रातून न्यावा लागतो: गॅमेटोसाइट (डासात जाणारं रक्तातलं रूप) मोजा, डासांना पाजा, जठरावरचे ओओसिस्ट (स्पोरोझॉइट जिथे बनतात त्या गाठी) मोजा, लाळग्रंथीतले स्पोरोझॉइट मोजा, मग ते यकृतपेशींवर सोडा. बर्घेईचे डास 19 ते 21 अंशांवर ठेवावे लागतात. फाल्सिपेरमसारखे 26 वर ठेवले तर ओओसिस्ट मिळत नाहीत आणि दोष जनुकाच्या माथी बसतो. त्याच बॅचच्या डासांना मूळ जंतू पाजलेला नसेल तर तो निकाल मी धरत नाही.

चौथा दावा सरळ अपायकारक आहे. व्हायवॅक्स हा मलेरियाचा दुसरा जंतू यकृतात सुप्त राहतो, रक्तातल्या जंतूवरचं क्लोरोक्विन तिथे त्याला मारत नाही. त्यासाठीच 14 दिवस प्रायमाक्विन देतात. ते घ्यायचं डॉक्टरांना विचारूनच, कारण जी6पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तर रक्तपेशी फुटतात. गरोदरपणातही ते देत नाहीत.