‘पटक-पटक’ येईना, म्हणून अप्रॅक्सिया?

ताई, तुमचा राग समजला. तीन वर्षांच्या भाच्याला तपासणीत ‘पटक-पटक’ ही अक्षरं भरभर म्हणता आली नाहीत, नांदेडला अप्रॅक्सियाचं (बोलताना जीभ-ओठ कसे हलवायचे याची मेंदूतली आखणी नीट न होणं) निदान झालं, आणि ‘एवढ्यात शिक्का नको’ असं लिहून या ब्लॉगनं पालकांचा वेळ घालवला, असं तुमचं म्हणणं. एक खरंय: त्या वाक्याचा अर्थ ‘थांबा’ असा निघत होता. ते बदललंय. बोलण्याची थेरपी लगेच सुरू करायची. नाव मागाहून ठरलं तरी चालतं.

पण नुसत्या ‘पटक’वर निदान टिकत नाही. या वयाचं लेकरू बिनअर्थाची अक्षरं लगोलग म्हणायला बऱ्याचदा तयारच होत नाही. त्यापेक्षा ‘भाकरी’ घ्या. खेळता खेळता पाचदा म्हणवून घ्या. पाचही वेळा ‘भातली’ आलं, तर क चा त आणि र चा ल ठरलेला. हा बहुधा उच्चारांच्या नियमांचा घोळ. ‘बाकी’, ‘भोतई’, ‘आकली’ असं दर वेळी वेगळं, त्यात स्वरही फिरलेले, शब्द ‘भा…क…री’ असा तुटक, तर अप्रॅक्सियाची शंका घ्यायची. शब्द ओळखू येतो पण बोबडा, नाकातून, दम संपल्यासारखा येतो, शिवाय लाळ गळते, चावायला जड जातं, तर डिसार्थ्रिया, म्हणजे बोलण्याच्या स्नायूंचाच कमकुवतपणा किंवा ताबा नसणं, बघायचा. अप्रॅक्सिया आणि डिसार्थ्रिया दोन्ही एकाच मुलात असू शकतात.

खरी तपासणी पुढेच आहे. समोरासमोर बसून, मुलाला तोंडाकडे बघायला लावून, शब्द ताणत दोघांनी एकदम म्हणायचा. जमला की आपण आवाज बंद करून नुसते ओठ हलवायचे. मग आपण म्हणायचं, त्यानं मागून म्हणायचं. शेवटी दोन-तीन सेकंद थांबवून. कोणत्या पायरीवर सुधारला, कुठे कोसळला, हे रिपोर्टमध्ये आहे का? नसेल तर मागून घ्या.

घरात सगळे ‘पानी’च म्हणत असतील तर ती चूक मोजायची नाही, मराठवाड्याबाहेरचा तपासणारा तिथे हमखास फसतो. शब्दावरच्या आघाताचा, म्हणजे कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा याचा, इंग्रजी चाचण्यांतला निकषही मराठीला जसाच्या तसा लावता येत नाही.

आणि कानांची तपासणी? तुम्ही काहीच लिहिलं नाही. ती सगळ्यांत आधी. अंगणवाडीत मुलं तपासायला येणाऱ्या आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकाला सांगा, ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. घरी जेवताना, खेळताना तो बोलतो, त्याचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा. दवाखान्यात पोरं तोंडच उघडत नाहीत.