काजळी जाळायला जालना

गाडी पुरेशी चालवत नाही म्हणून गाडीच्याच माणसांकडून बोलणी खाण्याची वेळ काल माझ्यावर आली. ‘सर, तुमचं रनिंग फार कमी आहे. ही गाडी घर ते दुकान, दुकान ते घर अशी नाही चालत. तिला अधूनमधून हायवेला काढत जा,’ असे सर्व्हिस सेंटरमधल्या, माझ्या पुतण्याच्या वयाच्या मुलाने टॅबवरची नजर न उचलता मला सांगितले. वाळवंटे ओलांडण्यासाठी आणि नद्या पार करण्यासाठी बनवलेल्या, कोटीच्या वर किंमत असलेल्या या डिझेल एसयूव्हीची प्रकृती गुलमंडी ते औरंगपुरा एवढ्या प्रवासाने बिघडते, हे विकताना कोणी सांगितले नव्हते. तेव्हा सांगितले होते ते फक्त सनरूफचे.

गाडी माझी नाही, दादाची आहे. दादा मुलीकडे कॅनडाला गेला आणि जाताना ‘उभी ठेवू नको, रोज वापर, बॅटरी उतरते’ असे बजावून किल्ली माझ्याकडे देऊन गेला. तेव्हापासून छत्रपती संभाजीनगरात मला जो भेटतो तो ‘रोजच्या वापराला कशी आहे हो?’ असे विचारतो. इतके दिवस मी ‘ठीक आहे’ म्हणून वेळ मारून नेत होतो. आज नेणार नाही.

परवा संध्याकाळी सात वाजता पैठण गेटच्या गर्दीत पुढे केळ्यांची हातगाडी, मागे दोन रिक्षा आणि डाव्या आरशाला चिकटून एक स्कुटी अशा अवस्थेत उभा असताना पडद्यावर पिवळा दिवा लागला. फिल्टर भरत आला आहे, तो साफ होण्यासाठी गाडी ठरावीक वेगाने सलग चालवा, अशी सूचना त्याखाली आली. पैठण गेटावर, संध्याकाळी सातला, सलग! १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराबाबतचे कडक नियम आल्यावर नव्या डिझेल गाडीच्या धुराड्यात डीपीएफ नावाची जाळी बसते, तिच्यात काजळी अडकते आणि ती काजळी जाळायला सुमारे सहाशे अंश तापमान लागते, हे आता मला झोपेतून उठवले तरी सांगता येईल. ते तापमान गाठण्यासाठी इंजिन स्वतःच जादा डिझेल फवारते, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी आणखी डिझेल जाळते. हे सगळे चालू असताना माणसाने दूध घ्यायला गाडी थांबवली, की काजळी अर्धवट राहते आणि न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ करते. तेव्हा दूध घ्यायचे नाही. काजळी पूर्ण जळेपर्यंत दुधाशिवाय फिरत राहायचे.

म्हणून रात्री जेवण उरकून मी हर्सूलवरून सावंगीला गेलो, समृद्धी महामार्गावर चढलो आणि जालन्यापर्यंत जाऊन परत आलो. जालन्यात माझे काहीही काम नव्हते. बायकोने ‘एवढ्या रात्री जालन्याला कशाला?’ असे विचारले, तेव्हा ‘काजळी जाळायला’ एवढेच खरे उत्तर होते आणि ते दिल्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी लग्नानंतर प्रथमच पाहिली. ‘लोक जालन्याहून सळया आणतात, बियाणं आणतात, आपण काय आणायचं?’ असे तिने शांतपणे विचारले. किलोमीटरमागे दोन रुपयांच्या वर पथकर, नव्वदीच्या घरातले डिझेल आणि जाताना-येताना कंटेनरच्या मागच्या दिव्यांचे दर्शन एवढे पदरात पाडून आम्ही घरी आलो. पिवळा दिवा जसाच्या तसा होता.

काल सकाळी सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे संगणक जोडून, गाडी जागेवर उभी ठेवून, इंजिन गुरगुरवत काजळी जाळण्याचा सशुल्क विधी पार पडला. धुराड्याजवळ हात नेला तर भाजेल म्हणून मला लांब उभे केले होते. नंतर त्या मुलाने आदल्या रात्रीच्या जालना फेरीची कुंडली काढली आणि म्हणाला, ‘सर, तुम्ही क्रूझ कंट्रोल लावून गेलात ना? वरच्या गिअरमध्ये आरपीएम खाली राहतो, मग फिल्टर नीट तापत नाही.’ क्रूझ कंट्रोल म्हणजे गाडीने वेग आपणहून कायम ठेवणे आणि आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे. आता गिअर मी टाकत नाही. गाडी स्वयंचलित आहे, गिअर तिचे तीच निवडते. तिने स्वतःच्या बुद्धीने वरचा गिअर निवडला, त्यामुळे तिचीच जाळी तापली नाही आणि बोलणी मात्र मला! मी हे त्याला सांगितले. त्याने ‘हो सर, बरोबर आहे सर’ म्हणून बिल छापले.

बिल वाचत असतानाच त्याने ‘ॲडब्लूही टॉप-अप करून दिलं आहे’ अशी भर घातली. हे ॲडब्लू म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे द्रावण: ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. ते संपू दिले, तर गाडी आधी उलटी गणती सुरू करते आणि शेवटी चालूच होत नाही. मराठवाड्यातल्या माणसाने आयुष्यभर युरियाचीच वाट पाहायची असे विधिलिखित दिसते. माझे काका गेवराईला ४५ किलोच्या पोत्यासाठी कृषी केंद्रासमोर रांगेत उभे राहतात आणि मी इकडे वातानुकूलित खोलीत कॉफी पीत गाडीसाठी युरियाचे बिल भरतो. काकांकडचा निंबोळी लावलेला युरिया हिला चालत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण काकांनी ‘मग आपल्यातलाच टाक की अर्धा किलो’ असा सल्ला मनापासून दिला होता. गाडी नव्हे, रुसलेला व्याही आहे. काय खाल्ले म्हणजे पोट बिघडेल याचीच चिंता घराने वाहायची.

आता विषय निघालाच आहे, तर रुंदीबद्दलही बोलतो. या गाड्या आरसे मिटले तरी दोन मीटरच्या आसपास भरतात. आमची रंगार गल्ली ज्या काळात वसली, त्या काळात रुंदीचे माप घोडा हे होते. समोरून लोडिंग रिक्षा आली की दोघांपैकी एकाने मागे जायचे असते, आणि ‘मोठी गाडी आहे, तुम्हीच घ्या मागे’ हा न्याय आमच्या गल्लीत सर्वमान्य आहे. मागे घेताना चार कॅमेरे चार बाजूंनी चित्र दाखवतात, सगळीकडून भोंगे वाजतात, आणि पडद्यावर लाल पट्ट्यांपलीकडे काही दिसत नाही, कारण चारही बाजूंना खरोखरच काही ना काही असते. शेवटी पानटपरीवरचा एक मुलगा उठतो आणि ‘येऊ द्या, येऊ द्या, बस’ म्हणत हाताने गाडी बाहेर काढून देतो.

मागच्या दाराला स्टेपनी टांगलेली असल्यामुळे ते वर न उघडता आडवे उघडते, ही आणखी एक शाही देणगी. गेल्या महिन्यात आईला गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे नेले. आई एवढ्या उंचावरून उतरू शकत नाही म्हणून मी डिकीत प्लास्टिकचे स्टूल ठेवतो. गाडी खाली बसवणारे एअर सस्पेन्शन आहे. बटण दाबले की ती मोठ्या अदबीने पाच सेंटिमीटर झुकते आणि आईच्या गुडघ्यांना त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. त्या दिवशी मागे कोणीतरी मोटारसायकल खेटून लावली होती. दार उघडेना आणि स्टूल आत. आई दार उघडून, पदर सावरून, पाय हवेत ठेवून वर बसलेली, वॉचमन मोटारसायकलवाल्याला शोधायला गेलेला आणि मी खाली दोन्ही हात पुढे करून उभा. ‘तुझ्या आबांची राजदूत बरी होती रे,’ आई वरून म्हणाली, ‘पाय टेकला की उतरले.’

गाडी धुण्याबद्दल लिहिण्याची इच्छा नाही. ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार याचे वेळापत्रक लोक लग्नाच्या मुहूर्तापेक्षा काळजीने पाहतात, जायकवाडीहून २५०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी येणार म्हणून पैठण रस्त्याची धूळ आम्ही वर्षानुवर्षे खाल्ली, त्या शहरात ही काळी गाडी रोज पुसण्याइतके पाणी मागते. काळा रंग दादानेच निवडला.

मायलेजचे तर विचारूच नका, आणि तरी सगळे तेच विचारतात. सिग्नलवर काच खाली करायला लावून ‘काका, किती देते?’ असे विचारणाऱ्या मुलांना मी हल्ली ‘त्रास फार देते’ असे सांगतो. २०१० साली या शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि देशभर नाव केले. पण त्याचा परिणाम असा झाला आहे, की महागड्या गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला इथे प्लॉटिंगवाला समजतात. माझे स्टेशनरीचे दुकान आहे, हे मी भाजीवाल्या मावशींना शपथेवर सांगितले, तरी मेथीची जुडी त्यांनी दहा रुपयांनी महाग दिली.

बरे, इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जालना रोडवरच्या हॉटेलात या गाडीतून उतरलो, की दारावरचा माणूस सलाम करतो आणि माझे पोट आपोआप आत जाते. माझ्या जुन्या ॲक्टिव्हाला त्याच माणसाने ‘तिकडं, भिंतीच्या कडेला’ असे म्हटले होते. वर इतके पान भरून शिव्या घालणारा मी, त्या सलामाला मान तुकवून उत्तर देतो आणि किल्ली मुद्दाम टेबलावर ठेवतो. बायको ती उचलून पर्समध्ये टाकते.

गाडीत गुण नाहीत असे नाही. सिल्लोडमार्गे अजिंठ्याच्या रस्त्याचे काम रखडले होते, तेव्हा त्या रस्त्याने ज्यांच्या कमरा गेल्या त्यांना हिची किंमत कळेल. बीडकडे महामार्ग ५२ वर तर ती इतकी शांत धावते, की ही तीच गाडी का, असा प्रश्न पडतो. पण रोजचा वापर म्हणजे बीड नव्हे. रोजचा वापर म्हणजे शाळा, दुकान, बँक, दळण.

‘शहरात नाही, पण शेतावर तरी कामाला येईल’ हा दादाचा युक्तिवाद होता, आणि मलाही तो पटला होता, कारण या जातीच्या गाड्यांचे मूळच शेतात आहे. १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर मांडली गेली, ती शेतकऱ्यासाठी होती. ट्रॅक्टरसारखी तिच्या इंजिनावर शेतीची यंत्रे चालवण्याचीही सोय होती. आज तिच्या वंशजांत आणि भाऊबंदांत पांढरे चामडे आणि वीस इंची चाके आली आहेत. पेंडीचे पोते आत ठेवायचे म्हटले तर आधी चादर अंथरावी लागते. पावसाळ्यात पाणंदीने शेताकडे निघालो. आमची माती काळी, ओली झाली की फुगते आणि जे सापडेल त्याला धरते. डांबरी रस्त्यासाठी घातलेल्या टायरच्या खाचा पहिल्या पन्नास पावलांतच भरून गुळगुळीत झाल्या. मग मी लो-रेंज, म्हणजे कमी वेगात जादा जोर देणारे गिअर, लावले, चिखलाचे चित्र असलेले बटण फिरवले, आणि अडीच टनांच्या आसपासचा तो ऐवज चारही चाके जागच्या जागी फिरवत शांतपणे खाली बसू लागला. शेजारच्या शेतातला ट्रॅक्टरवाला दोर घेऊन आला. ‘भाऊ, हिला फोर बाय फोर नाय का?’ मी म्हणालो, आहे. ‘मग कामून फसली?’ सहाशेवर न्यूटन मीटरचा टॉर्क, जमीन ओळखणारा संगणक, यांपैकी काहीही त्या माणसाला सांगण्यासारखे नव्हते. त्याने दोर बांधला, गाडी ओढून काढली आणि पैसे घेतले नाहीत. फोटो मात्र काढला. तो गावाच्या ग्रुपवर आहे.

पाण्याचेही तसेच. लँड रोव्हरच्या डिफेंडरची पुस्तिका ९०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची हमी देते, मर्सिडीजच्या जी-क्लासची ७०० मिलिमीटरची. हे आकडे पाठ करून आमचे एक नातेवाईक २०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरात मला फोन करून ‘पुलावरून पाणी चाललंय, तुमची गाडी येईल ना?’ असे विचारत होते. वाहत्या पाण्याला पुस्तिका वाचता येत नाही, असे त्यांना सांगितले, तर ते दुखावले. ‘मग एवढे पैसे कशाला घातले?’ म्हणाले.

या प्रश्नाचे मात्र माझ्याकडे उत्तर नाही. वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला आपल्या राज्यात पंधरा टक्के कर आहे. कोटीच्या गाडीला पंधरा लाख नुसता कर. तेवढ्यात शहरात वापरायला एक सुटसुटीत पेट्रोल गाडी आली असती: दोनशे मिलिमीटरच्या आसपास ग्राउंड क्लिअरन्स, खड्डा सोसणारे जाड टायर, गल्लीत मावणारी रुंदी, वर उघडणारी डिकी आणि युरिया न मागणारे इंजिन. रोज दहा किलोमीटर फिरणाऱ्या माणसाने एवढेच पाहावे. ज्याला दर दोन दिवसांनी लातूर किंवा नांदेड गाठायचे आहे, त्याने खुशाल डिझेल घ्यावे. त्याची जाळी आपोआप जळेल.

हे सगळे मी काल रात्री दादाला फोनवर सविस्तर सांगितले. त्याने मधे एकदाही न तोडता ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘पटलं मला. विकून टाकू. तूच बघून ठेव दुसरी.’ आज सकाळी त्याने बघण्यासाठी तीन गाड्यांचे फोटो पाठवले आहेत. तिन्ही डिझेल आहेत, तिन्हींची स्टेपनी मागच्या दाराला आहे, आणि तिसरीला पुढे फसलेली गाडी ओढून काढायचा विंच आहे.