मुंबईला यायचंय ते ठीक, पण राहणार कुठे?

बारावीचे निकाल लागले की एकदा, आणि गणपती संपले की एकदा, माझ्या इनबॉक्समध्ये ठरावीक मेसेज येतो. गाव बदलतं, मजकूर तोच. "दादा, मुंबईला येतोय. संगीतातच करिअर करायचंय. सुरुवात कशी करू?" कधी लातूरचा मुलगा असतो, कधी मंगळवेढ्याचा. परवा चिपळूणजवळची एक मुलगी होती. मी तबला वाजवतो, डोंबिवलीत राहतो, साथसंगत आणि शिकवण्यांवर घर चालवतो. कुणाचं करिअर घडवावं एवढी माझी पोच नाही. तरी उत्तर देतो आणि ते दर वेळी एकच असतं : राहणार कुठे?

यावर बहुतेकांचा हिरमोड होतो. एकाने तर तोंडावर सांगितलं, "तुम्ही पण माझ्या वडिलांसारखंच बोलायला लागलात." बोलतो बाबा. कारण तुझे वडील बरोबर विचारतायत.

आपल्याकडे 'खिशात दमडी नव्हती, तरी मुंबई गाठली आणि मोठा झाला' या छापाच्या गोष्टी फार चवीने सांगितल्या जातात. सत्काराच्या भाषणात तर हमखास. माझी तक्रार अशी की त्या अर्ध्याच सांगतात. दमडी नव्हती हे खरं असेल, पण पहिल्या रात्री तो माणूस कुणाच्या घरी जेवला ते कुणी सांगत नाही. जरा मागे जाऊन बघा.

भीमसेन जोशी लहान वयात गदगचं घर सोडून निघाले, गुरूच्या शोधात ग्वाल्हेर-जालंधरपर्यंत फिरले, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ते मुंबईत आले १९४३ मध्ये, रेडिओवर काम करायला. त्याआधी कुंदगोळला आपल्या गुरूंकडे, सवाई गंधर्वांकडे, वर्षानुवर्षं राहून गळा तयार झालेला होता. म्हणजे पळून जाण्याचा भाग वेगळा आणि मुंबईचा भाग वेगळा. आपण दोन्ही एकत्र शिवून टाकतो. लताबाई १९४५ मध्ये मुंबईला आल्या त्या मास्टर विनायकांच्या सिनेमा कंपनीबरोबर. कंपनीने मुक्काम हलवला, त्याही आल्या. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात चार लहान भावंडं, हाल होतेच. पण हातात काम होतं. इथे आल्यावर भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांकडे शिकणं सुरू झालं. (एका अख्ख्या घराण्याला मुंबईतल्या एका बाजारपेठेचं नाव आहे, हे नव्या मुलांना सांगितलं की खोटं वाटतं.) कुमार गंधर्व पोरवयात आले ते थेट गाण्याचे गुरू प्रोफेसर देवधर यांच्याकडे. ऑपेरा हाउसजवळच्या त्यांच्या शाळेत शिकले आणि पुढे तिथेच शिकवलंही. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांनी कोल्हापूर सोडून मुंबई धरली ती शाहू महाराज १९२२ मध्ये गेल्यानंतर. तोवर साठी उलटून गेलेली आणि नाव सगळीकडे झालेलं.

तेव्हा प्रत्येकाच्या मागे कुणीतरी होतं. गुरू, कंपनी, रेडिओ, नाहीतर गाण्याचा षौक असलेले शेटजी. माणूस एकटा आणि मोकळा आला, असं क्वचित.

आणि या शहरातल्या जागेचा हिसका कुणाला बसला ठाऊक आहे? विष्णु दिगंबर पलुस्करांना. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईत आणलं. संस्थेसाठी इमारत बांधली, कर्ज झालं, आणि शेवटी ती इमारत लिलावात गेली. ज्या माणसामुळे आज गावोगावी पोरं प्रवेशिका आणि विशारदच्या परीक्षा देतात, त्याची ही गत. मग आपण अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी माणसं कोण?

दुसरी एक वाट आहे, तिच्याबद्दल आमच्या शास्त्रीयवाल्यांत फार बोललं जात नाही. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावहून अण्णा भाऊ साठे वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आले. आले ते पोटासाठी. अमर शेख बार्शीचे. शाहीर द. ना. गवाणकरांना बरोबर घेऊन १९४४ मध्ये या दोघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैदानंच्या मैदानं हलवली. यातलं कुणीही 'संगीतात करिअर' करायला आलेलं नव्हतं. आधी काम, खोली, वस्ती, युनियन, आणि त्यातून गाणं. माझं तर मत आहे की मुंबईचं निम्मंअधिक गाणं गाण्यासाठी आलेल्यांनी केलेलंच नाही, पोटासाठी आलेल्यांनी केलंय. गिरणगावातली भजनी मंडळं कुठून आली? कोकणातून आणि घाटावरून. दिवसा गिरणीत साच्यावर (मागावर), रात्री पखवाजावर.

आता आजचं.

'चान्स मिळेल' या आशेवर येणाऱ्यांना मला कामाची पद्धत सांगावीशी वाटते. पूर्वी ताडदेवच्या फिल्म सेंटरला किंवा वांद्र्याच्या मेहबूबला गाणं रेकॉर्ड व्हायचं, तेव्हा सगळे वादक एका वेळी बसायचे. एक व्हायोलिन चुकलं की सगळ्यांचा टेक पुन्हा. त्यामुळे माणसं लागायची, खूप लागायची. आता अंधेरीतल्या एखाद्या फ्लॅटच्या बेडरूमला फोम लावलेला असतो, आत एक मुलगा कॉम्प्युटरसमोर बसतो आणि तबला आधी सॅम्पलवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या तयार आवाजांवर, वाजून झालेला असतो. मला बोलावलं तर त्यावर दोन तुकडे 'लाइव्ह' वाजवायला. नवा गायक असेल तर त्याच्याकडून स्क्रॅच गाऊन घेतात, म्हणजे निर्मात्याला चाल ऐकवण्यापुरतं गाणं. मग त्याच चालीवर नावाजलेला गायक येऊन गातो आणि पहिल्या पोराचा आवाज पुसला जातो. बरेच जण वर्षानुवर्षं स्क्रॅच गातात. त्यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, तो कामाचा एक प्रकार आहे. फक्त त्याला चान्स समजू नका. पैसे आधी ठरवा.

खरं पोट भरतं ते कार्यक्रमांवर, आणि त्याचं वर्ष पंचांगाप्रमाणे चालतं. आषाढीच्या आसपास अभंग. श्रावणात मंगळागौर, तिथे ढोलकी येत असेल तर बरं. गणपतीत श्वास घ्यायला फुरसत नाही. पितृपक्षात सामसूम. मग नवरात्र, कोजागरी, आणि दिवाळी पहाट, जेव्हा एका सकाळसाठी तीन-तीन जण तबलजी शोधत असतात. दिवाळी पहाटेचं मानधन संक्रांतीला आलं तर वेळेवर आलं म्हणायचं. कार्यक्रम बहुधा रविवारी, आणि मेगाब्लॉकही रविवारीच. एका गायिकेला काळी चार लागते, पुढच्या गायकाला काळी एक (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून मोजलेले गाण्याचे सूर), म्हणजे दोन तबले, एक डग्गा आणि हातोडी घेऊन लगेजच्या डब्यात चढायचं. पाऊस असेल तर घरी सुरात लावून घेतलेला तबला दादर येईपर्यंत उतरलेला असतो. मग विंगेत उभं राहून परत गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकायचे, समोर निवेदकाचं "लवकरच सुरू करतोय" तिसऱ्यांदा सांगून झालेलं.

हे सगळं सहन होतं. सहन होत नाही ते एकच, रियाजाला जागा नसणं.

गावाकडच्या मुलांच्या हे डोक्यातच येत नाही. त्यांना वाटतं, मुंबईत संगीताचं वातावरण आहे, म्हणजे रियाज वाढेल. अरे, गावात तू माडीवर बसून पहाटे पाचला खर्ज (खालचे सूर) लावतोस आणि शेजारची आजी उलट कौतुक करते. इथे वन आरकेमध्ये तिघं. एक कॉल सेंटरला रात्रपाळी करून सकाळी झोपतो, दुसऱ्याचं ऑनलाइन काम. भिंतीपलीकडे दहावीचं पोर. सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येतो, आणि तो बिचारा उद्धट नसतो, "जरा सांभाळून घ्या हो" एवढंच म्हणतो. मग तबलजी काय करतो, तर तबल्यावर टॉवेल टाकतो. बोटं चालतात, कायदा-रेला (तबल्याच्या ठरलेल्या रचना) पळतो, लय पक्की राहते. पण चाटेवरची (तबल्याच्या कडेवरची) आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, ऐकू येत नाही, डग्ग्याचा घुमारा कळत नाही. तळहाताने किती दाब दिला की मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कुठवर जाते, हे कानानेच शिकायचं असतं आणि तेच बंद. असे काही महिने गेले की हात जड होतो. मैफिलीत पहिल्या पाच मिनिटांत जाणकाराला कळतं की हा टॉवेलवर वाजवतोय. गायकांचं आणखी अवघड. दबक्या आवाजात रियाज करून गळा दबकाच होतो. काहीजण पहाटे खाडीवर जाऊन गातात, काहीजण देवळाच्या पुजाऱ्याशी ओळख काढतात.

म्हणून माझं म्हणणं, तयारी आधी करा आणि मग या. मुंबई तयार माणसाला काम देते. कच्च्या माणसाला पिकवायला तिच्याकडे ना जागा ना वेळ. गुरू इथेच असेल आणि त्याच्यासाठीच यायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग गुरूच्या घरापासून पायी जाता येईल अशी खोली बघा. आठवड्यातून एकदा विरारहून चेंबूरला शिकायला जाणं म्हणजे शिकणं कमी आणि लोकल बदलणंच जास्त.

सरकारी मदत? केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. जरूर अर्ज करा. गावी राहून गुरूकडे शिकत असाल तर त्या पैशाला अर्थ आहे. मुंबईत त्यात फार तर कॉट मिळेल, खोली नाही. डिपॉझिट आणि दलालाचा एक महिना वेगळाच.

मुलींसाठी हे सगळं दुप्पट. रेकॉर्डिंग 'थोडं लांबलं' की शेवटची लोकल जाते. मुलगा प्लॅटफॉर्मवर बसून पहिल्या गाडीची वाट बघेल. मुलीने रिक्षाचे पैसे कुठून आणायचे, आणि पीजीचा दरवाजा दहाला बंद होतो त्याचं काय? त्या चिपळूणच्या मुलीला मी गाण्याबद्दल काहीच विचारलं नाही. पीजीची वेळ विचारली, आणि रात्रीच्या कामाला परतीची गाडी मागायला लाजू नकोस म्हटलं. काम गेलं तर जाऊ दे.

मग मी का राहिलोय इथे? हा प्रश्न परत येतोच, तेव्हा सांगून टाकतो. ऐकायला. गावात मी तालुक्यातला बरा तबलजी होतो, आणि बरं असणं ही फार धोक्याची अवस्था. इथे विंगेत उभं राहून, मधल्या रांगेत बसून, कधी शिवाजी मंदिरला, कधी पार्ल्याच्या दीनानाथला, जे वाजलेलं ऐकलं त्याने माझी हवा काढली. नुसता तीनताल विलंबितात धरून बसणं किती अवघड असतं, हे एका म्हाताऱ्या साथीदाराचा हात बघून कळलं. त्याने तासभरात एकही तुकडा वाजवला नाही. गायकाने समेवर येऊन दर वेळी त्याच्याकडे बघितलं फक्त. मोबाइलवर ते दिसत नाही, कारण कॅमेरा तेव्हा गायकावर असतो. यासाठी मुंबई लागते. दुसरं म्हणजे वाजवून रेकॉर्ड केलेली फाइल आज कुठूनही पाठवता येते, नागपूरहूनही, पण ती कुणाकडे मागायची हे ओळखीवर ठरतं. ओळख चहाच्या टपरीवर, रिहर्सलच्या मधल्या सुट्टीत होते.

पण हे ऐकण्यासाठी कायमचं इथे राहावंच लागतं असं नाही. वर्षातून काही आठवडे या, ऐका, लोकांना भेटा, परत जा. मिरजेत बसून जगभर तंबोरे पाठवणारी माणसं आहेत. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, परभणी, जळगाव, सगळीकडे आकाशवाणी केंद्रं आहेत, ऑडिशन तिथेही देता येते. कुमारजींनी १९४८ मध्ये क्षयामुळे मुंबई सोडली आणि देवासला गेले. नंतरचं त्यांचं सगळं गाणं तिथलं. निरुपायाने गेले हे मान्य, पण माळव्यात राहून गाणं संपलं का? पुण्याचं म्हणाल तर तिथे शिकायला मुंबईपेक्षा सोयीचं आहे, भाडं मात्र आता मुंबईच्या वाटेवर.

तरीही ज्यांना यायचंच आहे त्यांच्यासाठी: गणपतीच्या तोंडावर येऊ नका, तेव्हा कुणाला बोलायला वेळ नसतो. पितृपक्षातही नको, तेव्हा कुणाकडे पैसे नसतात. कोजागरी झाली की या, दिवाळीचं काहीतरी हाताला लागेल. पहिल्या सहा महिन्यांचं भाडं बरोबर आणा. पेटी वाजवता येत असेल, नोटेशन लिहिता येत असेल, लहान मुलांना शिकवायची तयारी असेल, तर भाडं त्यातून निघेल. गाणं म्हणायची वेळ नंतर येईल.

आणि आता कल्याण-डोंबिवली-बदलापूर पट्ट्यातल्या मित्रांना विचारतो. सकाळी सहा ते आठ रियाजाला देता येईल अशी जागा आहे का कुणाकडे? शाळेचा रिकामा वर्ग, देवळाचा सभामंडप, वाचनालयाचं वरचं दालन, काहीही. साउंड सिस्टीम लागत नाही, पंखाही नको. दार उघडून देणारा माणूस हवा. झाडलोट आम्ही करू, वीजबिल वाटून भरू. माझ्या ओळखीत निदान पाच-सहा पोरं आज टॉवेलवर वाजवतायत. जागा माहीत असेल तर कमेंटमध्ये पत्ता टाकू नका, मला मेसेज करा.