पॅरिस राहू द्या, लिऑनला जा

आज दुपारी दादा-वहिनींबरोबर एका टूरवाल्याच्या ऑफिसात गेले होते. तिथून निघाल्यापासून डोकं तापलंय. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दोघं पहिल्यांदाच परदेशात निघालेत, पै-पै साठवून. सुट्टी जेमतेम आठवड्याची. मी म्हटलं, फ्रान्सला जायचंच आहे तर लिऑनला मुक्काम करा. समोरचा माणूस हसला. म्हणाला, "लिऑन? तिथं काय आहे मॅडम? पॅरिस नाही बघितलं तर लोक काय म्हणतील?" आणि एक छापील कागद वहिनीपुढे सरकवला. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कलोन, वर स्वित्झर्लंड. एका आठवड्यात!

लोक काय म्हणतील या भीतीवर धंदा करतात हे लोक. रोज पहाटे उठून बॅग भरायची, बसमध्ये पेंगायचं, घोळक्यानं आयफेल टॉवरखाली फोटो काढायचा आणि रात्री हायवेवरच्या हॉटेलात पनीरची भाजी खायची. ह्यासाठी दादानं इतकी वर्षं ओव्हरटाइम केला का? वहिनी बिचारी मान डोलावत होती. मला तिथंच बोलायचं होतं, पण दादासमोर गप्प बसले. म्हणून इथं लिहितेय.

तिथं काय आहे, ऐका. माझी लेक लिऑनला शिकायला होती तेव्हा आईला घेऊन गेले होते. आई सोलापूरची. आमचं घर मागवाल्यांचं. चादरींच्या मागांच्या खडखडाटातच आम्ही अभ्यास केला, झोपलो, भांडलो. आईनं उभं आयुष्य मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. लिऑनच्या क्रुआ-रूस टेकडीवर रेशीम विणणाऱ्यांची जुनी वस्ती आहे, तिथं एका ठिकाणी हातमाग चालवून दाखवतात. आम्ही बाकावर बसलो. माग चालवणाऱ्या बाईंनी पायटा दाबला, वर टांगलेली भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एक घर पुढं सरकली, धोटा सुटला. आणि आई ताडकन उठली. दोरीपर्यंत गेली, वर बोट दाखवून म्हणाली, "अगं, हे तर आपलं जकार्ड की!"

आपलंच. म्हणजे खरं तर त्यांचं. जोसेफ मारी जकार हा लिऑनचाच, १७५२ चा जन्म. १८०४ च्या सुमाराला त्यानं हे यंत्र पुरं केलं. कुठले धागे उचलायचे ते पुठ्ठ्यावरची भोकं ठरवतात. सोलापुरी चादरीवर जी नक्षी उठते ती ह्याच युक्तीनं. तुमच्यातले निम्मे जण आयटीत आहात, तुम्हाला तर हे गाव पाठ असायला हवं. कॉम्प्युटरची कल्पना पहिल्यांदा मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी भोकाच्या पुठ्ठ्याची कल्पना इथूनच घेतली. जकारचं रेशमात विणलेलं चित्र त्याच्याकडे होतं, ते विणायला चोवीस हजार पुठ्ठे लागले होते.

ह्या टेकडीवरची घरं बघा म्हणजे कळेल. जकार्ड उंच, म्हणून छतं चार-चार मीटर उंच. खालची सगळी जागा मागाला, माणसं वर पोटमाळ्यावर झोपायची. आई ते ऐकून माझ्याकडे नुसती बघत राहिली. आमच्या घरातही उजेडाची जागा मागालाच होती. मग तिनं विचारलं, "ह्यांना मजुरी किती पडायची गं?" लेकीनं फ्रेंचमध्ये विचारलं, आणि त्या बाई खुलून बोलायला लागल्या. १८३१ साली विणकरांनी मजुरीचा किमान दर ठरवून घेतला, व्यापाऱ्यांनी तो द्यायला नकार दिला, तेव्हा हे लोक टेकडी उतरून खाली आले आणि काही दिवस अख्खं शहर त्यांच्या ताब्यात होतं. ते परत घ्यायला वीस हजारांचं सैन्य पाठवावं लागलं. दर रद्द झाला. १८३४ ला पुन्हा उठाव, पुन्हा रक्त. आई एवढंच म्हणाली, "सगळीकडं तेच."

हे लिहिताना आता राग जरा निवलाय.

मान्य, पॅरिस सुंदर आहे. तिथलं लूव्हर म्युझियम बघायला जन्म कमी पडेल. मान्य, वयस्कर माणसांना जेवणाची सोय करणारा कुणी बरोबर असला की बरं पडतं. पण आठवडाच हातात असताना एका गावात नीट राहिलात तर दुसऱ्या दिवशी बेकरीवाली ओळखीचं हसते. ते सुख त्या बसमध्ये नाही मिळायचं.

आणि जायला अवघड काही नाही. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरा, रेल्वे स्टेशन तिथंच आहे, थेट लिऑनची टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची वेगवान रेल्वे, मिळते. साधारण दोन तास. फ्रान्सची पहिली टीजीव्ही १९८१ मध्ये ह्याच दोन शहरांसाठी धावली. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. पॅरिस शहरात पाऊलही टाकावं लागत नाही. क्रुआ-रूसला चढ आहे, गुडघे दुखत असतील तर मेट्रोची सी लाइन वर घेऊन जाते. आई त्याच मेट्रोनं गेली. जुन्या लिऑनमध्ये त्राबूल बघा, म्हणजे इमारतींच्या पोटातून जाणाऱ्या वाटा. साधं दार दिसतं, ढकललं की अंधारा बोळ, मग अंगण, एखादा गोल जिना, आणि तुम्ही पलीकडच्या गल्लीत. लोक तिथं राहतात, तेव्हा आवाज करू नका. फूर्व्हिएरच्या टेकडीवर रोमन काळातलं नाट्यगृह आहे, तिथं पायऱ्यांवर बसून खालचं दोन नद्यांचं शहर बघा. तेवढ्यासाठी तिकीट नाही.

खाण्याचं विचाराल तर मांसाहाऱ्यांची चंगळ. शाकाहाऱ्यांना शोधावं लागतं, खोटं कशाला बोलू. पण मसुराची कोशिंबीर मिळते, आणि सेर्वेल द कानू म्हणून लसूण आणि हिरवा मसाला घातलेलं मऊ ताजं चीज असतं, ते पावाबरोबर खायचं. आईनं दोनदा मागून घेतलं.

सिनेमावाल्यांनो, ल्युमिएर बंधूही इथलेच. १८९५ मध्ये कारखान्यातून सुटणारे कामगार त्यांनी ज्या फाटकाजवळ टिपले, ती जागा जपून ठेवलीय. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, त्यांचे खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात झाले. गिरणी सुटतानाची गर्दी ज्यांनी लहानपणी बघितलीय त्यांनी तिथं उभं राहून बघाच.

आणि तो माणूस विचारतो तिथं काय आहे! पुन्हा चिडतेय मी, पण का चिडू नये? आपल्या पोरांना सोलापुरातला चालता माग कुणी दाखवत नाही, आणि परदेशी जायचं तर तिथंही फक्त टॉवर दाखवायचा. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, आयफेल टॉवर बघितला का? आई म्हणाली, "नाही, चालू माग बघितला."

दादा, वाचत असशील तर त्या माणसाला ॲडव्हान्स देऊ नकोस. वहिनी, व्हिसाचे कागद मी बघते. एक दिवस मार्सेयसाठी ठेवा. लिऑनहून टीजीव्हीनं दोन तासही लागत नाहीत. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मोरिया बोटीतून उडी मारली ते तिथल्याच बंदरात. मतं काही असोत, मराठी माणसानं तो समुद्र बघायला हवा. सकाळच्या गाडीनं जा, रात्री परत या. बॅगा लिऑनच्याच खोलीत राहू देत.